रादोस्तिनचं नाव फोनवर आलं तेव्हा

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहून खोडलं. कारण हे पान आमच्या गावचे सगळे वाचतात, आणि दाफिनामावशीला फोनवरचं बारीक अक्षर वाचून दाखवणारे पेन्कोकाका तर सगळ्यात आधी वाचतात. काका, हात जोडते, हे तिला वाचून दाखवू नका. आता लिहिते पटापट, नाहीतर परत धीर सुटेल.

आमच्या गावात, लोममध्ये, राहिलेला माणूस दाफिनामावशीला ओळखत नाही असं होऊच शकत नाही. बंद पडलेल्या शाळेच्या स्वयंपाकघरात बीन्सचं सूप शिजतं आणि एकट्या म्हाताऱ्यांच्या दारात पोचतं, ते हिच्यामुळे. पगार कुणालाच नाही. मावशी ढवळायची, पेन्कोकाका त्यांच्या खटाऱ्यातून वाटतात, आणखी दोघीतिघी येऊन कांदे चिरतात. आणि पैसे? पैसे मावशीच्या डब्यात. बाजाराच्या दिवशी बाजारात, पितरांच्या शनिवारी कब्रस्तानाच्या फाटकाशी ती तो पत्र्याचा डबा घेऊन उभी. लोक नाणं टाकणार, आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घेणार, आणि मावशी म्हणणार, "देव त्याला क्षमा करो." आपल्याकडे हे असंच असतं. देणाऱ्याचं नाव कोण विचारतंय! नाव असतं ते गेलेल्याचं.

मग तिचा खुबा गेला. ऑपरेशन झालं, पण उभं राहणं, जिना उतरणं संपलं; कांदे-डाळीचं काम आता तिच्या घरी येतं. आणि तसंही नाणी कुणाच्या खिशात असतात आता? मी हिवाळ्याच्या सुट्टीत रुसेच्या कॉलेजातून घरी आले होते, मावशीला भेटायला गेले, तर हिने मला दारातच पकडलं.

"नेवेना, तू कॉलेजात दिवसभर ते फोनचंच शिकतेस ना?"

"मावशी, मी भूगोल शिकते."

"तेच ते. मला तो डबा फोनमध्ये घालून दे."

घातला! सोपं नव्हतं हं. आधी संस्थेच्या नावाने बँकेत खातं, त्याला तिघांच्या सह्या, आणि पेन्कोकाकांचं ओळखपत्र निघालं मुदत संपलेलं. ("मी कुठे संपलोय? कार्ड संपलंय!") मग कार्डाचे पैसे घेणारी ती कंपनी म्हणाली, दिलेले पैसे परत मागायचे असतील तर काय नियम, ते पानावर लिहा. मी वाचून दाखवलं तर काका खवळलेच.

"परत? म्हणजे सूप पिऊन झाल्यावर?"

"लिहून टाक गं," मावशी म्हणाली, "सूप परत आणून दिलंत तर पैसे परत."

शेवटी पान झालं. मी घाईघाईत नावासाठी एकच रकाना ठेवला, नुसतं 'नाव'. खाली रक्कम, खाली 'एकदाच' की 'दर महिन्याला'. मीच पाच युरो टाकून बघितले, पोचले, आम्ही तिघं लहान मुलांसारखे ओरडलो. मावशीच्या फोनवर अशी सोय केली की पैसे आले की टिंग वाजणार आणि नाव दिसणार.

आणि गावाने काय केलं असेल? 'नाव' म्हटल्यावर गावाने सवयीने गेलेल्यांचीच नावं लिहिली! टिंग, लोझान. टिंग, बेर्का आजी. आणि माझ्या पानावरून आपोआप उत्तरं जाताहेत, प्रिय लोझान, तुमच्या मदतीबद्दल आभार, तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो. पेन्कोकाका हसून हसून पडायचे बाकी. "लोझानला आता आरोग्य! जिवंत होता तेव्हा कुणी विचारलं नाही!"

मी रकाना बदलणार होते. मावशीने बदलू दिला नाही. मिठाच्या बरणीला फोन टेकवून ती बसायची, टिंग वाजलं की नाव मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, देव त्याला क्षमा करो. डबा होता तसाच होता, फक्त समोर माणूस नव्हता. एकदा म्हणालीसुद्धा, "सगळं तेच आहे गं. फक्त कुणी थांबत नाही. पूर्वी नाव सांगितलं की लोक दोन मिनिटं त्या माणसाबद्दल बोलायचे." मी कांदे चिरत राहिले.

मग तो गुरुवार. फोन वाजला, मावशी डाळ निवडत होती, न बघताच सवयीने म्हणाली, "देव त्याला क्षमा करो." मग चष्मा खाली ओढून बघितलं.

रादोस्तिन दिमोव.

तिचा मुलगा. एकुलता. परदेशात, वालेन्सियाला बांधकामावर गेलेला. बाप गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आला नाही, तेव्हा ही फोनवर म्हणाली, तोंड दाखवू नकोस. त्याने ते खरंच धरलं. नंबर बदलला. तिच्याकडे नवा नंबर नाही, पत्ता नाही, काही नाही. वर्षानुवर्षं.

"कुणी दिले हे?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "त्याच्या नावाने कुणी दिले?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं, ती काय समजलीये ते.

"मावशी, त्यानेच दिले असतील. स्वतःचं नाव लिहिलं असेल. तिकडचे लोक स्वतःचंच लिहितात."

"तो लोमचा आहे," ती म्हणाली. "लोमचा माणूस या जागी स्वतःचं नाव लिहील?"

तिने मांडीवरची डाळ नीट ताटात ओतली आणि पेन्कोकाकांना म्हणाली, "पेन्को, आतून माझा काळा रुमाल आणून दे, त्याच्या बापाच्या वेळचा." काका कपाटाची किल्ली घेऊन आत गेले.

मला सहन होईना. पैसे देताना ती कार्डवाली कंपनी ईमेल मागतेच, तो मी त्या नावापुढून काढला आणि उभ्या उभ्या टाइप केलं: 'आपण कोण आहात? रादोस्तिन दिमोव जिवंत आहे का? लगेच सांगा.' आणि पाठवलं. पाठवल्यावर वाचलं. असं कुणी लिहितं का हो? पण गेलं ते गेलं.

त्या दिवशी सूप वाटलं गेलं, पण मावशीने तोंडात घास घेतला नाही. काळा रुमाल मांडीवर. बांधलाही नाही, ठेवलाही नाही. मी रात्री तिच्याकडेच राहिले. ती नुसती फोन धरून बसली होती.

सकाळी उत्तर आलं. 'मीच रादोस्तिन. पैसे पोचले ना?'

मी किंचाळले. मावशी आधी रडली, मग त्याला गाढव म्हणाली, मग स्वतःच्या मुलासाठी जिवंतपणीच क्षमा मागून बसले, असं म्हणत तिने अपशकुन टळावा म्हणून कानाची पाळी ओढून टेबलावर तीनदा टकटक केलं. काळा रुमाल कपाटाच्या पार मागे कोंबला. मग मला म्हणाली, "परत वाच. आणखी काय लिहिलंय?"

"एवढंच."

"खाली बघ. खाली असेल."

खाली काही नव्हतं.

मी त्याला मावशीचा नंबर पाठवला, लिहिलं की आई वाट बघतेय, तिचा खुबा मोडलाय, ती रागावलेली नाही. उत्तर नाही. परत लिहिलं. उत्तर नाही. पुढच्या महिन्यात मात्र टिंग. रादोस्तिन दिमोव, पहिल्या वेळेइतकेच वीस युरो. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मावशी त्या तारखेला सकाळपासून फोनसमोर बसते, केस विंचरून, चांगलं जाकीट घालून. नाव आलं की सगळ्यांना सांगते, "या महिन्यातही ठीक आहे माझा पोरगा." क्षमाबिमा नाही म्हणत, फक्त काचेवरून बोट फिरवते.

मागच्या वेळी तिने मला विचारलं, "नेवेना, दर वेळी तो स्वतः दाबतो ना गं? दर महिन्याला आठवण येत असेल तेव्हाच ना?"

मी हो म्हणाले.

त्याने पहिल्याच दिवशी 'दर महिन्याला' वर खूण केली होती. त्यानंतर त्याला काहीच करावं लागत नाही. कार्ड आपलं चालतं. तो विसरला तरी टिंग होणार. तो आजारी पडला तरी होणार. त्याला काही झालं तरी, कार्ड चालू आहे तोवर, मावशी जाकीट घालून बसणार आणि म्हणणार, पोरगा ठीक आहे.

हेच लिहायचं नव्हतं मला. पण तुम्ही इतके जण वालेन्सियाहून, म्युनिकहून, कुठून कुठून पैसे पाठवता, आणि सूप चालतं, खरंच चालतं, त्याबद्दल आभार आहेतच. पाठवत राहा. पण तुमच्यातल्या कितीजणांची आई अशीच कुठल्यातरी टिंगपुढे बसली असेल, हे मला रोज दिसतं.

वालेन्सियात कुणी रादोस्तिनला ओळखत असाल, तर त्याच्या घरी जा. मेसेज नको. दार वाजवा, तो कसा दिसतो ते बघा, आणि त्याला विमानात बसवा. आणि जे सुट्टीला लोमला येणार आहात ते मावशीकडे जा, चौथा मजला, लिफ्ट नाही, ती खाली येऊ शकत नाही. गेलेल्या कुणाचं तरी नाव सांगा आणि दोन मिनिटं त्याच्याबद्दल बोला. इस्टरपर्यंत थांबू नका. याच आठवड्यात जा.