नसीमबानूचं मॉरिशस

स्वारगेटजवळच्या एका सहल कंपनीत नसीमबानू नोकरीला होती. परदेशी निघालेल्या प्रवाशांना आधी बोलावून त्या देशाची ओळख करून द्यायची, हे तिचं काम. मॉरिशसची ओळख करून देण्यात तिचा हातखंडा. पडद्यावर चित्रं सरकत आणि ती बोलत राही. उसाची शेतं, मध्येच उठलेले डोंगर, हिरवंनिळं पाणी. ऐकणाऱ्याला वाटे, बाई कालच तिथून आली. प्रत्यक्षात ती विमानात कधी बसलीच नव्हती. कुणी विचारलंच, तर "दोनदा जाऊन आलेय," म्हणायची. मालकांनीच तसं सांगून ठेवलं होतं आणि सवयीने तिला ते खोटं वाटेनासं झालं होतं.

एका बैठकीला लोणी काळभोरच्या मथुराबाई आल्या. साठी उलटलेल्या, नऊवारी नेसलेल्या. मुलाने हौसेने आईचं नाव घातलं होतं. त्यांनी बिचकतच विचारलं, "बाई, पान्यात उतरायला भ्या न्हाई ना?"

"अहो मावशी, चपला काढा आणि खुशाल चाला. वाळू अगदी लोण्यासारखी आहे," नसीमबानू हसून म्हणाली.

सहल परतल्यावर कळलं, की मथुराबाईंचा पाय समुद्रातल्या कुठल्याशा काटेरी प्राण्यावर पडला. तळपायात काटे मोडले, पाय सुजला आणि उरलेली सहल त्यांनी हॉटेलच्या खोलीत काढली.

रविवारी नसीमबानू लोणीला गेली. मथुराबाई बाजेवर पाय लांब करून बसल्या होत्या.

"या बाई. तिथं एक म्हातारी भेटली बगा. तिचं पणजोबा आपल्याकडनंच गेल्यालं. मोडकंतोडकं मराठी बोलत व्हती. तिनंच काटं काढलं. म्हनली, हितं बुटाबिगर पान्यात कुनी जात न्हाई, तुमाला कुनी सांगितलं?" मथुराबाईंनी पाय जरा सरकवला. "म्या तुमचं नाव न्हाई घेतलं."

नसीमबानू मान खाली घालून म्हणाली, "मावशी, मी तिथे कधी गेलेच नाही."

मथुराबाई "आसं व्हय," एवढंच म्हणाल्या आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या, तर नसीमबानूला बरं वाटलं असतं.

पुढच्या बैठकीत तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मी मॉरिशस पाहिलेलं नाही. जाऊन आलेल्यांकडून ऐकलेलं सांगते." दोन कुटुंबं उठून गेली. नंतर मालक म्हणाले, "खरं बोलायची एवढी हौस असेल, तर घरी बोलत जा. इथे पगार मिळतो."

बैठका श्रीधरकडे गेल्या. तोही तिकडे गेलेला नाही. नसीमबानू आता बाहेर तिकिटांच्या टेबलावर बसते. बैठक सुटली, की दाराशी एकेकाला थांबवून हळूच सांगते, पाण्यात उतरायला रबरी बूट घेऊन जा. लोक आभार मानतात, "बरं झालं सांगितलंत," म्हणतात. त्यांच्या नजरेला नजर देणं तिला अजून जमत नाही.