हळदीच्या आड दडलेली तारीख

कोणी वेळ विचारली की तो आधी उलट विचारी, "कुठला टाइम? तुमचा का त्यांचा?" मग मनगटावरचं घड्याळ हातानं झाकून डोक्यात हिशेब करी. मुरबाडात राहून साधी वेळ सांगता येत नाही, असा भाडेकरू माझ्या नशिबी आला होता.

आमच्या गिरणीवर दळायला आला असाल, तर वरचा माळा तुम्ही पाहिला असेल. तिथं तो कॉम्प्युटर घेऊन बसे आणि लोकांच्या वेबसाइटी बनवी. गाव डोळखांबच्या वर, डोंगरातला पाडा. वडील नव्हते. आई आणि पाठची एक बहीण. तिचं लग्न चांगल्या हॉलात लावून द्यायचं, एवढं एकच त्याच्या मनात.

खाली पट्टा फिरला की वर त्याच्या मशीनवर पीठ बसे. "बाबा, जरा थांबवा ना, मशीन मरंल माझी." मी म्हणे, "मरू दे, माझं गिऱ्हाईक उभं हाय." मी कोणासाठी गिरणी थांबवत नाही. शेवटी त्यानं आईचं जुनं लुगडं आणलं, मशीनवर पांघरलं आणि त्यात डोकं घालून काम करू लागला. दळणाला आलेल्या बाया हसत, "वर फोटोवाला बसलाय काय गो?"

आमचं भांडण दिवसावरून. मी म्हणे, दिवस उजाडला की सुरू होतो. तो म्हणे, रात्री बाराला. मी दुसरीतून शाळा सोडली, पण कोंबडं कधी आरवतं ते मला कोणी शिकवायला नको. तसं त्याला सुनावलंही. तो शांतपणे म्हणाला, "कोंबडं अमेरिकेत पण आरवतं बाबा. पण तवा आपण इथं दिवे लावतो." मी जाऊन पट्टा चालू केला.

टोकावड्याच्या रस्त्याला एक मंगल कार्यालय झालं, त्याची वेबसाइट यानंच बनवली. घरी बसून तारीख दाबायची, हॉल आपला. आता आमच्याकडं हॉल घेतात तो आदल्या संध्याकाळपासून, कारण हळद तिथंच लागते. रविवारचं लग्न असलं की शनिवारी दार उघडून द्यायचं. वर्षभर सगळं नीट चाललं.

मग बहिणीचं जमलं, कल्याणच्या स्थळाशी. नवऱ्याचा भाऊ अमेरिकेत. त्यानं तिथून याच वेबसाइटवर रविवार दाबला आणि हॉल घेतला. आमचा भाडेकरू जिना उतरून आला आणि पट्ट्याच्या आवाजात माझ्या कानाशी ओरडून सांगू लागला, की अमेरिकेत दाबलेलं मुरबाडात उमटलं. मी म्हटलं, एकदा हॉलच्या मॅनेजरशी तोंडानं बोलून ये. म्हणाला, "मशीनमध्ये हाय ना." मॅनेजरही तेच म्हणत होता.

शनिवारी संध्याकाळी टेम्पोतून मंडळी उतरली, तर हॉलात दुसऱ्याच नवरीला हळद लागत होती. मॅनेजर म्हणाला, "तुमची हळद उद्या, लग्न सोमवारी. मशीनच सांगतंय."

आमचा भाडेकरू तिथंच पायरीवर बसला. काय झालं ते त्याच्या ध्यानात आलं होतं. मला पुढं सांगितलं तसं सांगतो. तारखा ठेवणारं मोठं मशीन परदेशात, आपल्याहून साडेपाच तास मागं. इथल्या माणसानं रविवार दाबला की आपल्याकडं रविवार लागतो ती मध्यरात्र धरली जाई. पण त्या मशीनच्या घड्याळात तेव्हा शनिवारची संध्याकाळच असे, म्हणून ते शनिवार लिही. मॅनेजर समजे, हा हळदीचा दिवस. चूक पहिल्यापासून होती, हळदीच्या आड दडून बसली होती. अमेरिका त्या मशीनच्याही मागं; तिथं रविवार लागला तेव्हा मशीनमध्ये तो आधीच लागलेला, म्हणून तिथला रविवार रविवारच लिहिला गेला, आणि मॅनेजरनं त्यालाही हळदच धरलं.

हळद माझ्या गिरणीत लागली. लग्न अंगणात, ताडपत्रीखाली. वरमाय शालूवरचं पीठ झटकत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हॉल सांगितला आणि कोंड्यात उभं केलं." बहीण खाली मान घालून उभी होती. भावाकडं बघितलं तेव्हा मात्र हसली. त्याला ते हसू जास्त लागलं असावं.

वेबसाइट त्यानं सुधारली. स्वतः सुधारला नाही. कोणी मंगळवार म्हटलं की दहा वेळा विचारी, कुठला मंगळवार, कुठं. सासरी पोरीला ऐकावं लागे, तुझ्या भावाला वार तरी कळतो का. हे कानावर आल्यावर त्यानं तिच्या घरी जाणं सोडलं. एका भाऊबीजेला कल्याणपर्यंत गेला आणि तिच्या दारावरून परत आला. पुढं बंगळूरला नोकरी धरली. जाताना म्हणाला, "तिला सांगा, भाऊबीजेला इथं येईन."

ती येते. पाडव्याला नवऱ्याला ओवाळून थेट इकडं. मी म्हणतो, "पोरी, भाऊबीज उद्या हाय."

"ठाऊक हाय बाबा. पण त्याच्याकडं कुठला दिवस असंल, काय सांगावं."

रात्र आमच्याकडंच काढते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गिरणीच्या ओट्यावर बसते. तो अजून एकदाही आलेला नाही. गेल्या खेपेला दिवेलागण झाली तरी उठली नाही. ओवाळणीचं ताट वजनकाट्यावर ठेवलं होतं. दळणाच्या बाया डबे घेऊन उभ्या, कुरकुरत होत्या. मी पट्टा काढून ठेवला होता. निरांजनावर पीठ बसलं असतं.