शिंप्याच्या बोळातलं फाटक

अणुवीज केंद्रात पाण्याचे पंप सांभाळणारा तो माणूस स्वभावाने इतका मऊ, की रांगेत कुणी मध्ये घुसलं तर हाच मागे सरकून त्याला जागा करून द्यायचा. अशा माणसाच्या नावावर एका सकाळी बॉम्ब लागला.

त्याचं असं झालं. रोज आईला चाकाच्या खुर्चीतून थोरल्या बहिणीकडे सोडायचं आणि मग पाळीवर जायचं, असा त्याचा क्रम. वाट शेजारच्या शिंप्याच्या बोळातून जायची. खुर्चीची चाकं कुंड्यांना लागतात म्हणून शिंप्याने बोळाला फाटक बसवलं, वर कुलूप ठोकलं. उरला मागचा उभा जिना. मग आई त्याच्या पाठीवर, खुर्ची बायकोच्या डोक्यावर, अशी वरात निघू लागली आणि कामावर रोज उशीर होऊ लागला.

शेवटी बायकोचं डोकं फिरलं. फाटकाचे गज धरून ती ओरडली, "आमचे हे अणुवाले आहेत! एक बॉम्ब डब्यात घालून आणतील, मग बसा कुंड्या वेचत!"

दुसऱ्या दिवशी फाटक सताड उघडं. शिंपी कापडाच्या गठ्ठ्यांआड बसून शिवत होता. बाहेर फक्त मशीनचा आवाज येत होता.

आई खूश, बायको खूश. याला मात्र ते खोटं डाचू लागलं.

"मी त्याला खरं काय ते सांगून येतो."

"या ना! आणि उद्यापासून आईंना घ्या पुन्हा पाठीवर. कंबर तुमची, मी कोण बोलणार?" असं म्हणत तीही मागोमाग निघाली.

"साहेब, डबा तेवढा बाहेर ठेवून या," दोघं दुकानाच्या दारात पोहोचताच गठ्ठ्यांआडून आवाज आला.

त्याने हातातला जेवणाचा डबा उंबऱ्याबाहेर ठेवला आणि स्टुलाच्या टोकावर बसला. "बॉम्ब वेगळा, आमचं केंद्र वेगळं. बॉम्बात फुटणारं युरेनियम शंभरात नव्वदच्या आसपास, आमच्याकडे शंभरात जेमतेम तीन-चार भाग. तिथे सगळं एका क्षणात. आमच्याकडे दांडे घालून ते आवरायचं, सावकाश तापवायचं. पाण्याची वाफ होते, वाफेने चाक फिरतं आणि वीज तयार होते. तुमची ही इस्त्री त्याच विजेवर चालते."

शिंप्याने इस्त्रीकडे पाहिलं आणि हळूच प्लग काढला.

"अहो, ती नाही फुटणार!"

"आणि केंद्र?"

बायकोने डोळे वटारले. त्याने मान खाली घातली. "बॉम्बसारखं नाही फुटू शकत."

शिंपी गठ्ठ्यांआडून उठला, ताठ झाला. "म्हणजे तुम्ही नुसतं पाणी उकळता! आणि वहिनी आम्हाला दम देतात?" त्याने खुंटीवरचं कुलूप काढलं.

आता गप्प बसायचं, तर या माणसाला अर्धं खरं बोलताही येत नव्हतं. "पण धोका मुळीच नाही असंही नाही. केंद्र बंद केलं तरी आतलं इंधन तापलेलं राहतं. पाणी फिरतं ठेवलं नाही तर ते वितळू शकतं, किरणोत्सर्ग बाहेर पडू शकतो. म्हणून तर पंप असतात."

कुलूप हातातच राहिलं. "पंप कोण बघतं?"

"मी."

"तुम्ही? रोज उशिरा जाता ते तुम्ही?"

"आधीच्या पाळीचा माणूस थांबतो ना तोवर. शिवाय राखीव पंप असतात, त्यांना डिझेलची—"

बायकोने त्याचा पाय दाबला. शिंपी तसाही ऐकत नव्हता. तो कुंड्या उचलून भिंतीकडे लावत होता.

हल्ली आईची खुर्ची शिंपीच ढकलतो. पहाटेच दार वाजवतो, बोळातून खुर्ची अशी पळवतो की आई पदर दातात धरून हसते. पंपवाला मागून धावत समजावत असतो, "अहो, खरंच, एकट्या माझ्यावर काही अडत नाही!"

"ते रविवारी सांगा," शिंपी मागे न बघता ओरडतो. "आत्ता पाय उचला!"