पुढच्या खोलीतला गारठा

एनिड सटक्लिफने इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या एका शाळेत एकतीस वर्षं मुलांसाठी रांधलं, पण घरातल्या पान्याला कधी हात लावला नव्हता. ते काम नॉर्मनचं. तिचा नवरा घरं गरम पाण्याने तापवणाऱ्या हीटिंगचीच कामं करायचा. कुणाच्या भिंतीवरचा रेडिएटर तापेना की सगळी गल्ली त्यालाच बोलवायची. नोव्हेंबरात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. तोंडातून एकच शब्द फुटायचा, "नाही". होकार असला तरी "नाही"च.

तीन दिवसांपूर्वी तो इस्पितळातून घरी आला. जिना चढवेना, म्हणून एरवी वापरात नसलेल्या खालच्या पुढच्या खोलीत त्याची खाट टाकली. "छाती नाजूक आहे, गारठा लागू देऊ नका," असं नर्सने बजावलं होतं. आणि त्या सोमवारी सकाळी खोलीत पारा पंधरावर! वरच्या रिकाम्या खोल्यांतले रेडिएटर हात भाजेल इतके तापलेले, इथला जेमतेम कोमट. दुरुस्तीवाला शुक्रवारी येणार होता. नॉर्मन खोकला की एनिड त्याचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढायची.

आत हवा अडकली असेल, असं वाटून तिने हीटिंग बंद केलं, त्याच्या हत्यारांच्या पेटीतली छोटी किल्ली घेतली आणि रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला स्क्रू सैल केला. हवा निघालीच नाही, पाणीच उडालं. घाबरून तिने किल्ली आणखी उलटी फिरवली. गालिचा भिजला. कसाबसा स्क्रू आवळून ती स्वयंपाकघरात धावली, तर पाणी तापवणाऱ्या बॉयलरवरचा पाण्याच्या दाबाचा काटा एकच्या खूप खाली, आणि बॉयलर पेटेना.

"होती ती ऊबही घालवून बसले मी!" ती दारात रडवेली झाली.

"नाही, नाही." नॉर्मनने डाव्या हाताने हवेत काहीतरी पिरगाळलं.

"काय पिरगाळू? तुझी मान?"

तो हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. तेवढ्यात तिला आठवलं, बॉयलरखाली एका नळीला आत पाणी भरायची तोटी होती. तो अधूनमधून ती फिरवायचा. तिने जपून उघडली. काटा एकच्या पुढे गेल्यावर बंद केली. बॉयलर गुरगुरला.

अर्ध्या तासाने पाहिलं, खोली तशीच गार.

आता नॉर्मनने छताकडे बोट केलं आणि भिंतीवर ब्रश फिरवल्याची खूण केली.

"वर? रंग?" तिला उमगलं. तो घरी येऊन वरच झोपेल या आशेने डिसेंबरात तिने वरच्या खोल्या रंगवून घेतल्या होत्या, आणि इस्पितळात त्याला तसं सांगितलंही होतं. "रंगाऱ्याने रेडिएटर काढले होते! बसवताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवले का मेल्याने?"

"नाही!" नॉर्मनने जोरजोरात मान डोलावली.

म्हणजे गरम पाणी वरच्या वरच फिरत होतं, शेवटच्या खोलीपर्यंत येतच नव्हतं. ती पाना घेऊन वर गेली. प्रत्येक रेडिएटरच्या एका टोकाची प्लास्टिकची टोपी काढून खालचा व्हॉल्व्ह आधी घट्ट बंद केला.

"आता किती उघडू? अर्धा फेरा?" ती वरून ओरडली.

"नाही!"

"हे हो की नाही, नॉर्मन?"

शेवटी ती खाली आली. त्याने बोटांनी चिमूटभर दाखवलं. पाव फेरा. तिने वर जाऊन तीनही रेडिएटरचे व्हॉल्व्ह तेवढेच उघडले.

दुपारी तीनला पारा वीसवर गेला. नॉर्मनला डोळा लागला. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता, नुसती ऊब होती. तरी तासाभराने ती पुन्हा हात लावून गेली.