पत्र्याच्या खोलीचा परतावा

चंद्रभागाबाईंना ऊन नवं नव्हतं. तामसीच्या शिवारात चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचा कापूस वेचला. वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाट्यांचे भारे डोक्यावर घेऊन घरी यायचं आणि भीमजयंतीच्या आधी ते पत्र्यावर पसरायचे, असा त्यांच्या वस्तीचा रिवाज होता. पत्र्यावर हातभर काड्या पडल्या की खाली माणसाचा दुपारी डोळा लागे.

तालुक्याच्या गावी, मावल्यात, त्यांच्या मुलानं, विनयनं घर बांधलं, तेव्हा पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला आणि पैसे संपले. मागची खोली पत्र्याची राहिली. ती मायची. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं गावाहून पऱ्हाट्या मागवल्या. विनय शाळेत मास्तर. भारे अंगणात पाहून त्याचा चेहरा उतरला.

"माय, या गल्लीत सारे मास्तर अन् कारकून. पत्र्यावर पऱ्हाट्या पायल्या त म्हनतीन, हे अजून मजुरीच करून राह्यले."

भारे आले त्याच गाडीनं परत गेले.

मग तिनं सोसायचं ठरवलं. मुलानं कूलर आणून दिला होता, पण तो लावायला तिचा हात धजत नसे. "मीटर फिरते ना बाप्पा," म्हणायची. पंखासुद्धा पाहुणा आला तरच. ओल्या लुगड्याचा पदर छातीवर टाकून ती जमिनीवर पडून राही. हिवाळ्यात त्याच पत्र्यातून थंडी उतरे, तेव्हा दोन गोधड्या. शेजारणींना ती अभिमानानं सांगायची, "माह्या खोलीचं बिल म्हनशीन त एका बलबाचं."

मार्चमध्ये छताला उष्णतारोधक थर लावणारा कुलदीप मोजमाप घ्यायला आला. "जयभीम आजी," म्हणत त्यानं तिच्या खोलीत डोकावलं, पत्र्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "आरारा! इथं तुमी राह्यता? मास्तर, पयले हेच करा."

चंद्रभागाबाईंनी लगबगीनं त्याला चहा दिला. दोन चमचे साखर जास्तच घातली.

पण विनय हिशेबी माणूस. त्यानं वर्षभराची बिलं काढली, कुलदीपला समोर बसवलं. पुढच्या एका खोलीत एसी. तिथं थर लावायला अठरा हजार, उन्हाळ्याचे वाचणार तीनेक हजार. सहा वर्षांत पैसे वसूल. मागच्या खोलीला चौदा हजार.

"अन् तिथं वाचते किती?" विनयनं विचारलं.

कुलदीप घुटमळला. "तिथं... आजी काही जाळतच नाई, त वाचनार कुठून?"

"मंग झालं."

"पन मास्तर, आजीच्या जिवाला—"

"पुढच्या साली पाहू."

दाराआड उभ्या चंद्रभागाबाईंना आकडे कळले नाहीत, एवढं कळलं: आपण वाचवलं, म्हणून आपल्या खोलीत वाचवण्यासारखं काही उरलं नाही.

थर लागला तो पुढच्या खोलीवर, आणि एप्रिलभर ती गार राहिली. विनय बिल घेऊन आला आणि बायकोला म्हणाला, "प्रीती, पाय! साडेसातशे कमी." त्यानं ते मायलाही दाखवलं. तिनं कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच तिनं कूलर लावला. दुपारी लावलेला, संध्याकाळी लावलेला, ती बाहेर भाजी निवडायला बसली तरी मागे रिकाम्या खोलीत तो घरघरत असलेला. पहिले दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. कुणाचं तरी चोरून जाळतो आहोत असं वाटे. मग सवय झाली. पुढचं बिल आलं, तेव्हा विनय पुढच्या खोलीच्या दारात उभा राहून ओरडला.

"माय! तू त कधी अशी नवती. कमी केलं तेवढं सारं तुह्या खोलीत जळून राह्यलं!"

"हो ना," ती जवळ येत म्हणाली. "आता कर हिसाब."

"कायचा हिसाब?"

"माह्या खोलीचा. त्या दिवशी जळत नवतं म्हून नाई बसला. आता जळून राह्यलं."

विनयला हसू आलं, मग राहिलं नाही. पण मास्तरच तो. आकडा समोर आला की सुटत नसे. मोबाइलवर बोटं फिरवत तो पुटपुटला, "कूलर असाच चालला, त थर लावल्यानं वाचतीन बाराशे-तेराशे. चौदा हजार निंगायले अकरा वर्सं लागतीन, अन् तोवर तू..."

तो थांबला. चंद्रभागाबाई बहात्तरच्या होत्या. बेरीज दोघांनीही केली, आणि दोघांचीही एकच आली.

"तसं नाई म्हनून राह्यलो मी," तो म्हणाला.

"मंग कसं?"

त्यानं मोबाइल खिशात टाकला. ती उभीच राहिली. उघड्या दारातून थंड हवा तिच्या पायांवर येत होती.

आतून प्रीतीचा आवाज आला, "दार लावा ना हो. सारा गारवा निंगून चालला."

विनयनं एकदा मायकडे पाहिलं, आत पाऊल टाकलं आणि दार हळूच लावून घेतलं.