मांडवातले दात

श्रीरंग तावडेने सव्वीस वर्षांत हजारो माणसांचे दात केले होते आणि त्यातल्या एकालाही हसताना पाहिलं नव्हतं. ऐकायला खोटं वाटेल, पण धंद्याची रीतच तशी आहे. दात काढतो डॉक्टर, माप घेतो डॉक्टर, नवे दात तोंडात बसवून आरसा धरतो तोही डॉक्टर. पेशंट खूश होऊन "वा!" म्हणतो तेसुद्धा डॉक्टरलाच. आणि ज्याने ते दात घडवले तो बाबा तुळिंजच्या बाजारामागच्या स्वतःच्या गाळ्यात, नाकातोंडाला फडकं बांधून, डोळ्यांना भिंग लावून दुसऱ्या कुणाच्या तरी दाढेवर वाकलेला असतो. त्याच्याकडे माणसं येत नाहीत, प्लास्टरचे जबडे येतात. सोबत एक चिठ्ठी असते. नाव, वय, दातांच्या रंगाचा नंबर आणि कधी पाहिजे ती तारीख.

श्रीरंग मूळचा राजापूरकडचा. एकोणिसाव्या वर्षी आत्याकडे विरारला आला आणि वसईत कॉन्रॅड सरांच्या लॅबमध्ये चिकटला. सर हाताने देवमाणूस आणि तोंडाने फटकळ. पहिले सहा महिने त्यांनी पोराला एकही दात करू दिला नाही, नुसते जबडे बघायला लावले. हा बघ, हा सुपारी खातो, एकाच बाजूने चावतो. ही बाई शिवणकाम करते, दोरा दातांनी तोडते. याचा स्वभाव तापट, रात्री दात खातो. श्रीरंगला आधी वाटलं, सर थापा मारतात. वर्षभराने त्याला स्वतःलाच प्लास्टरमध्ये माणसं दिसायला लागली आणि तो जो चक्रावला तो अजून चक्रावलेलाच आहे.

सिरॅमिकचा दात करताना त्याला बघावं. पिठासारखी पांढरी पावडर, थेंबभर पाण्यात कालवलेली. बारीक ब्रशने तो थरावर थर चढवतो, मुळाशी जरा पिवळसर, टोकाला जवळजवळ पारदर्शक. मग ते ओलं, मऊ काहीतरी नऊशे डिग्रीच्या भट्टीत जातं आणि बाहेर येतो तो दात. चकचकीत, जिवंत, कालपर्यंत कुणीतरी त्याने शेंगदाणे फोडत होतं असा. रोज दहादा बघतो, तरी भट्टीचं दार उघडताना हा माणूस श्वास धरतो. बायको विनिता त्याला चिडवते, की जगाला हसवायचा धंदा करता आणि घरी तोंड असं, जसं काही एरंडेल प्यायलात.

गेल्या साली तुळशीची लग्नं उरकली आणि डॉक्टर रचनाबाईंकडून एक काम आलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: जयवंती, वय अडुसष्ट, गिरीज. वरची-खालची पूर्ण कवळी. नातीचं लग्न आहे. रंग, सर्वांत पांढरा.

श्रीरंगचं डोकं सणकलं. अडुसष्ट वर्षांच्या बाईला चुन्यासारखे पांढरे दात? त्याने डॉक्टरांना फोन लावला. रचनाबाई म्हणाल्या, मी तरी काय करू, सून राधिका हटूनच बसलीय, लग्नाचा अल्बम आहे, सासूबाई नवरीशेजारी उठून दिसल्या पाहिजेत म्हणते. श्रीरंग म्हणाला, उठून दिसतील ते दातच दिसतील, बाई नाही दिसायची. मला त्यांचा जुना एखादा फोटो मिळवून द्या, हसतानाचा.

फोटो आला. केळीच्या वाडीत एक तरणीताठी बाई, खांद्यावर घड, आणि मान मागे टाकून अशी हसतेय की बघणाऱ्यालाही हसू यावं. वरच्या दोन दातांतला एक किंचित दुसऱ्यावर चढलेला. श्रीरंग त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसला. मग त्याने रंगाच्या पट्टीतला वयाला शोभेल असा हस्तिदंती रंग निवडला, मेणात एकेक दात रचला आणि तो एक दात मुद्दाम शेजाऱ्यावर चढवला. राधिका कुरकुरली, पण डॉक्टर ठाम राहिल्या.

कवळी पक्की करण्याआधी मेणातल्या दातांची चाचणी होते. पेशंटच्या तोंडात ते तात्पुरते बसवून दिसतं कसं, बोलता येतं का, बघतात. डॉक्टर रचनाबाई सगळ्यांना साठ ते सत्तर आकडे म्हणायला लावतात, कारण त्यात "स" आणि "ष्ट" पोत्याने आहेत. जयवंतीबाईंनी खालमानेने आकडे म्हटले, एकही अक्षर अडलं नाही. आरसा दाखवला तर स्वतःला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि पदराआडून खुदकन हसल्या. डॉक्टरांनी हे श्रीरंगला फोनवर सांगितलं. त्याने मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरलं, शिजवलं, घासूनपुसून चकाकी आणली आणि तो पुढच्या जबड्याकडे वळला. त्याच्या लेखी ते काम संपलं होतं.

संपलं कसलं, कप्पाळ!

गुरुवारी सकाळी डॉक्टरांचा फोन. आवाज पडलेला. म्हणाल्या, श्रीरंग, दात शीळ घालतायत.

त्याला ती बाई कोण, हे त्या दिवशी कळलं. जयवंतीबाई धवलारीण. गिरीजच्या वाड्यांमधून लग्न लागायचं तर धवला म्हणणारी बाई लागते. देवांना बोलवायचं, हळद लावायची, नवरीला न्हाऊ घालायचं, प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो म्हटल्याशिवाय जुनी माणसं विधी झाला असं मानत नाहीत. जयवंतीबाईंना तो सासूने दिला. तोंडीच, कुठे लिहिलेला नाही. आळीतल्या बाकीच्या धवलारणी एकेक करून गेल्या, या एकट्याच उरल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पुढचे दात गेले आणि "स"चं नुसतं फुस्स व्हायला लागलं, तेव्हापासून त्यांनी कुणाच्या लग्नाला जाणंच सोडलं. लोकांनी फोनवर रेकॉर्ड केलेले धवले वाजवून वेळ भागवली. आता घरचंच लग्न, लाडक्या नातीचं, पूर्वीचं. अल्बम-बिल्बम सुनेचं वेड. बाईंनी दात घातले ते पूर्वीला आपल्या तोंडाने धवला म्हणता यावा म्हणून.

आणि त्या सकाळीच मांडव उभा राहिला, बाईंनी पहिला सूर लावला, तर पहिल्याच "स"ला दातांतून कुकरसारखी शिट्टी. बायका हसू दाबायला गेल्या आणि ते दाबलेलं हसू जास्तच लागलं. जयवंतीबाई उठून आत गेल्या, कवळी काढून वाटीत ठेवली, आणि यतीनला, आपल्या मुलाला, सांगितलं, उद्याच्या हळदीला फोनच लाव.

राधिकाने, पांढऱ्या दातांसाठी हटून बसलेल्या त्याच सुनेने, सासूला रिक्षात घातलं आणि क्लिनिकला आणलं. डॉक्टर म्हणाल्या, जरा धवला म्हणून दाखवा, कुठे शिट्टी येते बघू. बाई म्हणेनात. डॉक्टरांनी विनवलं, सून रडकुंडीला आली. बाईंनी एवढंच सांगितलं:

"मांडव नाय तर धवला नाय. सासूला शब्द दिलेला हाय."

मग आता कळलं ना? दोन वर्षं दात नव्हते, आणि दात आल्यावर मांडव नव्हता. म्हणून बाईंनी नव्या दातांनी धवला एकदासुद्धा म्हणून बघितला नव्हता. आणि इकडे आपण काय तपासलं? साठ ते सत्तर! श्रीरंगला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

"मग मांडवात जाऊ," तो फोनवर म्हणाला. आपण काय बोललो हे बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं. लॅबवाल्याने पेशंटकडे जायचं नसतं. डॉक्टर म्हणाल्या, मी बरोबर आहे ना, तोंडात हात मी घालीन, तुम्ही फक्त ऐका.

डॉक्टरांच्या स्कूटरवर मागे बसून, पोटाशी घासायच्या मशिनची पिशवी धरून, श्रीरंग पूल ओलांडून पश्चिमेला गेला. गिरीजच्या वाडीत घरापुढे मांडव होता, खांबांना केळीचे खुंट बांधलेले. डेकोरेशनवाल्याच्या बोर्डातून वायर ओढून मशिन लावलं. पाचसहा बायका भाज्या निवडायचं सोडून भोवती जमल्या. आणि जयवंतीबाई बाहेर आल्या.

त्यांनी दात घातले, पदर बाजूला केला, आणि पाहुणा आला म्हणून सवयीने हसल्या.

श्रीरंग बघतच राहिला. फोटोतली ती केळीवाली बाई चाळीस वर्षं मोठी होऊन समोर उभी होती. दात दिसतच नव्हते, हसू दिसत होतं. तो चढलेला दात असा जागेवर होता, जसा काही बाईंबरोबरच म्हातारा झाला.

"काकी," तो म्हणाला, "तुम्ही म्हणा. मी दात ऐकतो."

बाईंनी खांबाला हात लावला, डोळे मिटले आणि सूर धरला. आता हे कसं सांगावं? एवढीशी बाई, आणि आवाज विहिरीच्या तळातून वर यावा तसा. चाल एकच, संथ, पुन्हा पुन्हा वळून येणारी, आणि प्रत्येक वळणाला कुठल्यातरी देवाला हाक. श्रीरंग दात ऐकायचंच विसरला. मध्येच शिट्टी वाजली आणि तो भानावर आला.

त्याने बघितलं ते असं. आकडे म्हणताना माणूस तोंड जेमतेम उघडतो. धवला म्हणताना बाईंची मान वर जात होती, जबडा खाली पडत होता आणि जीभ भलत्याच ठिकाणी टेकत होती. टाळूला, पुढच्या दातांच्या जरा मागे. तिथे खऱ्या तोंडात वळ्या असतात, जिभेला टेकायला जागा असते. त्याने मात्र ती जागा आरशासारखी गुळगुळीत केली होती. चकाकीच्या हौसेने.

त्याने तिथे मेणाचा ठिपका दिला. डॉक्टरांनी कवळी बसवली. बाईंनी म्हटलं. शिट्टी बारीक झाली, पण आता "च" बोबडा यायला लागला. मेण खरवडलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा थोडं दिलं, उजवीकडे जास्त. बाई दर वेळी पहिल्या देवापासून सुरू करायच्या, मधूनच उचलायच्या नाहीत. देवाला अर्ध्यावरून बोलवायचं का, असं त्यांचं म्हणणं. अकराव्या वेळेला सगळे देव आले, कुलदैवतं आली, आणि शिट्टी आली नाही. बायकांच्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या. डॉक्टर रचनाबाई डोळे पुसत होत्या आणि डोळ्यांत काहीतरी गेलंय म्हणत होत्या.

श्रीरंगने लॅबमध्ये जाऊन त्या मेणाचं पक्कं अ‍ॅक्रिलिक केलं, वळ्यांसकट. त्या जागेला चकाकी दिली नाही. शुक्रवारी संध्याकाळी हळदीच्या आधी दोघं पुन्हा गिरीजला गेले. डॉक्टरांनी कवळी बसवली, काम झालं, आणि ते निघणार एवढ्यात पूर्वी हळदीला बसली. डॉक्टर म्हणाल्या, पाच मिनिटं थांबू. श्रीरंग लाजून मागे, खुर्च्यांच्या थप्पीशी उभा राहिला.

जयवंतीबाईंनी धवला धरला आणि मांडवातला गलका आपोआप थांबला. यतीनचे मुंबईचे साहेब होते, त्यांनी फोन खिशात ठेवला. देव झाले, वाडवडील झाले. मग धवला लग्नाच्या वस्तूंवर आला. या घराण्यात अशी रीत आहे, की लग्नात जे जे लागतं ते कुणाच्या हातचं, हे नावानिशी म्हणायचं. मडकी घडवणाऱ्या कुंभाराचं नाव आलं, सूप विणणाऱ्या बाईचं आलं, पाट करणाऱ्या सुताराचं आलं. त्यातले कितीतरी पणज्याच्या लग्नातले, कधीच मरून गेलेले. शेजारच्या म्हाताऱ्याने श्रीरंगला समजावून सांगितलं, की एकदा धवल्यात आलेलं नाव गाळत नाहीत, पुढल्या प्रत्येक लग्नात म्हणतात. श्रीरंग हात जोडून ऐकत होता. केवढी माणसं, सगळी कुणाच्या ना कुणाच्या तोंडात जिवंत.

बाईंनी नातीच्या गालाला हळद लावली, श्वास घेतला, आणि त्याच चालीत पुढची ओळ म्हटली.

"तुळिंज गावच्या श्रीरंगानं, दात घडविले गो, आजीचे."

बायकांनी ती ओळ झेलली आणि पुन्हा म्हटली. पूर्वीने म्हटली, राधिकानेही म्हटली. श्रीरंगने थप्पीतली एक खुर्ची ओढली आणि तो बसला. आपलं नाव इतकं स्वच्छ, इतकं मोठ्याने कुणी घेतलेलं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. विरारला घरी पोचल्यावर विनिताला हे सांगताना त्याला तीनदा थांबावं लागलं.