आईचा वांग

घर भावाला गेलं आणि आईचा वांग माझ्याकडं आला. ती गेल्यावर वर्षभरात माझ्या दोन्ही गालांवर, अगदी तिच्याच जागी, तपकिरी डाग उतरले. इंद्रवेल्लीच्या आमच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकं म्हणायची, आई गेली असं वाटतच नाही. मी हसून डाळ तोलत राहायची. पण मग बाबांनाही तसंच वाटायला लागलं.

ते माझ्याकडंच राहायचे, आणि त्यांची स्मरणशक्ती विरत चालली होती. मला, लेकीला, ते जन्मभर लाडानं 'माय' म्हणत आले. एका संध्याकाळी मी दिवा लावत होते, तर मागून आवाज आला, "अवो, कवाची वाट पाहून राह्यलो. कुठी गेल्ती?"

'अवो' ही आईची हाक. आमच्याकडं बायकोचं नाव घेत नाहीत, अशीच हाक मारतात. पुढं ते रोजचंच झालं. खाटेवर सरकून ते माझ्यासाठी जागा करायचे, आणि मी ओढणीनं तोंड झाकून पळायची. आरशाची तर भीतीच बसली.

शेवटी आदिलाबादला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी हिंदीत नीट समजावलं: औषध लावल्यावर चुरचुरेल, तोंड लाल होईल, ओढल्यासारखं वाटेल, दोन-तीन दिवसांनी साल निघेल, ती हातानं ओढायची नाही, उन्हात जायचं नाही. एका बैठकीत काही होणार नाही, वांग फिका पडेल, पुरता जाईलच असं नाही. चालेल, म्हटलं. जेवढी आई जाईल तेवढी जाऊ दे, असं मनात आलं आणि माझीच मला किळस आली.

ब्रश फिरला तशी मिरची लागल्यासारखी आग झाली. मग गार पट्ट्या. तिसऱ्या दिवशी ओठांच्या कडेनं कातडी सुटायला लागली. टॉवेलवर पडलेले पापुद्रे मी झटकू शकले नाही. ते केरात टाकायचे की नदीत सोडायचे, हेच मला कळेना. वेडीच झाले होते मी.

साल निघायची तेव्हा तोंडाला ओढणी गुंडाळूनच बाबांना जेवण द्यायची. बैठका होत गेल्या. गाल बरेच उजळले, तशी एका सकाळी ओढणी बाजूला ठेवली आणि उघड्या तोंडानं चहा घेऊन गेले. 'माय' ऐकायला मी आसुसले होते.

बाबांनी धोतर सावरलं. पाय आखडून अदबीनं बसले.

"बसा बाई," ते म्हणाले. "तुमी कोनाकडच्या? आमची घरवाली येऊनच राह्यली."

लेक कुठं गेली, हे त्यांनी विचारलंही नाही. मी समोरच्या स्टुलावर पाहुण्यासारखी बसले. ते दाराकडं बघत होते. खोटं कशाला सांगू, मीही दाराकडंच बघत बसले.